साडेआठ इंचांची वीत

दुकानातल्या प्रत्येकाच्या गळ्यात टेप असायचा, फक्त मास्तरांच्या नसायचा. बाकीच्यांच्या गळ्यात तो पिवळा पट्टा सकाळी पडायचा तो संध्याकाळीच निघायचा. मास्तर मात्र मोकळ्या मानेने कटिंगच्या टेबलापाशी उभे राहायचे, कापडावर डावा पंजा फाकवून ठेवायचे आणि म्हणायचे, "नऊ." अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत बरोबर नऊ इंच. ही वीत म्हणजे जणू त्यांनी परीक्षा देऊन मिळवलेली पदवी होती. जन्माला आले तेव्हा ती दोन इंचांचीही नसणार, असं त्यांच्या बायकोने एकदा सुचवून पाहिलं होतं. तो सबंध दिवस ते तिच्याशी बोलले नव्हते आणि तिचा दिवस फार शांत गेला होता.

बायको त्याच दुकानात होती. पुढे शेठचा काउंटर, मागे लांबट खोली, खोलीच्या मधोमध कटिंगचं टेबल, भिंतीला लागून चार मशिनं आणि खिडकीखाली एका बुटक्या स्टुलावर ती. हाताची काजं आणि तुरपाई हे तिचं काम. सगळे तिला वहिनी म्हणायचे. चोवीस वर्षांत तिने किती काजं केली असतील हे देवालाच ठाऊक. पण त्यातलं एकही उसवून परत आलं नव्हतं, आणि ही गोष्ट तिने स्वतःहून कुणाला कधी सांगितली नव्हती. सांगायचा मक्ता घरातल्या दुसऱ्या माणसाकडे होता.

मास्तरांची कापायची तऱ्हा अशी. गिऱ्हाइकाचं माप शेठ टेपने घ्यायचे आणि वहीत लिहायचे. ते माप मास्तर कापडावर उतरवायचे ते विती आणि बोटं मोजून. छत्तीस कंबरेची पँट म्हणजे चार भाग, एका भागाला एक वीत. झालं. त्यावर शिवणीत दाबायचं कापड वेगळं सोडायचं. डाव्या हाताने वीत, उजव्या हाताने खडू, मग ती फूटभर लांब कात्री. आणि कात्री चालवताना अंगाचा सगळा भार डाव्या कोपरावर टाकून ते टेबलावर असे रेलायचे, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस टेबलाच्या कानात काही गुपित सांगतोय. तासन् तास. त्यांच्या प्रत्येक शर्टाचं डावं कोपर आधी विरायचं. उजवं नव्यासारखं राहायचं. चोवीस वर्षं बायको डाव्या कोपराला ठिगळं लावत आली आणि तिला कधी वाटलं नाही की जे कापडाचं होतंय ते आतल्या हाताचंही होत असेल. या एका गोष्टीचा तिला पुढे स्वतःचाच राग आला. बाकीचा सगळा राग तिने योग्य ठिकाणी ठेवला.

सुरुवात शर्टाच्या बाहीने झाली. एका सकाळी मास्तर उजव्या मनगटाचं बटण लावत बसले होते. लावत बसले होते म्हणजे खरोखरच बसले होते. ती डबे भरून आली तरी बटण बाहेरच.

"काज घट्ट झालंय तुझं," ते म्हणाले.

शर्ट त्यांच्या अंगावर असतानाच तिने एका बोटाने बटण आत सरकवलं, बाहेर काढलं, पुन्हा आत सरकवलं.

"तुझ्या हाताला सवय आहे," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाह्या दुमडून घालायला सुरुवात केली. उकडतं म्हणून. बाहेर स्वेटर घालायचा महिना होता.

काज घट्ट झालंय. हे वाक्य तिच्या मनात सुईसारखं रुतून बसलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिने हसून सोडून दिलं असतं. पण या माणसाच्या शर्टाला तिने आजवर जी काजं घातली, ती पाहून बाकीच्या दुकानांतले लोक शर्टाची बाही उलटी करून बघायचे. तिने ठरवलं की खोट काजात आहे का हातात, हे एकदा पाहायचंच.

पाहायला फार लांब जावं लागलं नाही. डाव्या हातातून कप निसटायला लागला होता. किल्ली कुलपात फिरवताना ते उजवा हात वापरायला लागले होते. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवून ते हात उशाला घेऊन झोपले, तेव्हा तिने त्यांचा डावा पंजा नीट पाहिला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मध्ये जिथे मांसाची गादी असते, तिथे खळगा पडला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं. तिने आपल्या गळ्यातला टेप काढला, हळूच पंजा फाकवला, करंगळी जेवढी सरळ होईल तेवढी केली आणि माप घेतलं. साडेआठ. पुन्हा घेतलं. साडेआठ.

उठल्यावर चहा देताना तिने सांगितलं.

"झोपेत हात आखडतो," मास्तर म्हणाले.

"मग जागेपणी मोजू या."

"मी काय कापड आहे मोजायला?"

असा तो विषय चहाबरोबर संपला, म्हणजे मास्तरांच्या बाजूने संपला. तिने मात्र हिशोब घातला. एका वितीत अर्धा इंच कमी, तर चार भागांत दोन इंच. आणि गेले कित्येक महिने दुकानात काय चाललं होतं? गिऱ्हाइकं पँट घालून आरशासमोर श्वास रोखून उभी राहायची. मास्तर त्यांच्या पोटाकडे बघून म्हणायचे, "वजन वाढलंय साहेब, जरा चालत जा." सज्जन माणसं बिचारी. मान खाली घालून निघून जायची, त्यातल्या एकाने तर खरंच सकाळी पळायला सुरुवात केली होती. जी गिऱ्हाइकं वाळकी होती, त्यांच्या बाबतीत कापड आटलेलं असायचं. आणि कापडही नवंकोरं, धुतलेलं नसलं, तर मग दोष शिलाईचा.

शिलाईचा म्हणजे रेडिओचा. पहिल्या मशिनवरचा हा कारागीर सकाळी एकदा बोलायला लागला की दुकान बंद होईपर्यंत थांबत नसे, म्हणून हे नाव. तोंड चालू असलं तरी टीप सुतासारखी सरळ. पण मास्तर सगळ्यांसमोर त्याची पँट उलटी करून म्हणायचे, "बडबड कमी कर आणि शिवण कमी दाब. दोन इंच खाल्लेस." रेडिओ मग शिवणीतलं सोडलेलं सगळं कापड उसवून बाहेर काढायचा, पुन्हा शिवायचा आणि तेवढा वेळ मात्र एक शब्द बोलायचा नाही. वहिनीला त्याची ती शांतता ऐकवत नसे.

हे असं अजून वर्षभर चाललं असतं. मास्तरांचा स्वभाव पाहता दहा वर्षंही. पण मध्ये हॉटेलची ऑर्डर आली. बावीस वेटरांच्या काळ्या पँटी. मास्तरांनी तीन दिवसांत सगळ्या कापल्या, रेडिओने आणि बाकीच्यांनी शिवल्या, तिने बावीस पँटींना तुरपाई केली, आणि चौथ्या दिवशी हॉटेलचा मॅनेजर सगळ्याच्या सगळ्या पँटी पिशव्यांत भरून परत घेऊन आला. एकही पँट एकाही वेटरच्या कंबरेला बसत नव्हती.

शेठ काउंटरवरून उठून आत आले. हे ते सहसा करत नसत.

"मास्तर, बावीस माणसं चार दिवसांत जाड झाली?"

"हॉटेलात काम करतात," मास्तर म्हणाले. "खात असतील."

मशिनं थांबली होती. रेडिओच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. शेठ हसले नाहीत. त्यांनी काउंटरवरचा कापड मोजायचा पितळी गज आणला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हात ठेवा."

मास्तरांनी हात ठेवला नाही. खिशात घातला. मग बायकोने स्टुलावरून उठून सगळ्यांदेखत सांगितलं, "शेठ, यांना आठ दिवसांची रजा द्या. डॉक्टरकडे नेते." मास्तरांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिने त्यांची कात्री विकली.

शेठ म्हणाले, "आठ काय, पंधरा घ्या. पण मास्तर, टेबल मोकळं ठेवता येणार नाही. तोवर माझा मेव्हणा कापेल. तुमचा हात बरा झाला की या. माप बरोबर आलं तर टेबल तुमचं. नाही आलं तर, मग बघू." त्या मग बघूचा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला.

आता डॉक्टरकडे जाण्याआधी घरात जी मंडळी येऊन गेली त्यांच्याविषयी न बोललेलं बरं, पण बोलावं लागेल. थोरले दीर तांब्याचं कडं घेऊन आले. मास्तर त्यांना दादा म्हणायचे आणि त्यांच्या सांगण्यावर उभ्या जन्मात कधी शंका घेतली नव्हती. दादांचं म्हणणं, दोष मानेत आहे, मणका सरकलाय. शेजारच्यांचं म्हणणं, वात आहे. समोरच्या घरातल्या काकूंच्या नात्यात एकाच्या हाताचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी नस कापली की हात लुळा पडतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कुठे पाहिलं, कुणाचा हात, हे त्यांना आठवत नव्हतं. मास्तरांनी कडं घातलं. तेल चोळलं. मानेला पट्टा लावला. कापडाच्या दुकानात जो माणूस वार दोन वार कापडासाठी दहा तागे उलगडायला लावायचा, तो स्वतःच्या हाताच्या बाबतीत येईल त्याचं ऐकत होता.

"देवाच्या मनात असेल तसं होईल," ते शेवटी म्हणाले.

ती सकाळी देवासमोर पाच मिनिटं हात जोडून उभी राहायची, त्याविषयी कधी गाजावाजा न करता. त्यामुळे हे वाक्य तिला जास्तच झोंबलं. "देवाच्या मनात काय आहे ते तुम्हाला कसं कळलं?" ती म्हणाली. "डॉक्टर त्यानेच घडवलेत. चला, उठा."

हाताच्या डॉक्टर बाई होत्या. बारीक, चष्मेवाल्या, बोलण्यात अगदी हात राखून. त्यांनी कडं काढायला लावलं, मानेचा पट्टा काढायला लावला आणि दोन्ही टेबलाच्या कोपऱ्यात असे सरकवले की पुन्हा उचलायची मास्तरांना लाज वाटावी. मग एक साधा कागद घेतला.

"अंगठा आणि पहिल्या बोटाच्या कडेने धरा. घट्ट. मी ओढते."

"माझ्या हातातून कापड आजवर कुणाला ओढता आलेलं नाही," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी कागद ओढला. तो आला. कुणी टेबलावरून उचलावा इतक्या सहज आला. धरून ठेवायच्या धडपडीत मास्तरांच्या अंगठ्याचं टोक तेवढं वाकलं होतं. उजव्या हाताने धरलेला कागद फाटला, पण सुटला नाही.

"मधलं बोट पहिल्या बोटावर चढवा." डाव्या हाताचं चढलं नाही. "करंगळीला मी हात लावते, डोळे मिटा आणि कळलं की सांगा." मास्तर डोळे मिटून बसले. बराच वेळ झाला तसे म्हणाले, "लावा की." डॉक्टरांचं बोट केव्हाच लावून झालं होतं.

तेव्हा पहिल्यांदा बायकोला भीती वाटली. तोवर नुसता रागच होता.

"कोणतं कोपर टेकवता?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी कोपर टेकवत नाही. उभं राहून काम असतं माझं."

बायकोने त्यांचा डावा हात धरून कोपर डॉक्टरांकडे फिरवलं. त्या दिवशीच्या शर्टाला तिथे ठिगळावर ठिगळ होतं. मग उजवं दाखवलं. कोरं. डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. "असा पुरावा मला तपासणीतही मिळत नाही," त्या म्हणाल्या.

तपासणीही झाली. हाताला जागोजागी विजेचे बारीक झटके देऊन नसेतून निरोप किती वेगाने जातो ते पाहिलं. दंडातून खाली निरोप नीट येत होता, कोपरापाशी अडखळत होता, आणि पुढे पोहोचायचा तो जेमतेम. डॉक्टरांनी सांगितलं की ही रक्ताची नस नव्हे, हातापायांत जाणीव आणि ताकद नेणारी नस. कोपर कुठे आपटलं की झिणझिण्या येतात, ती हीच. हाडामागच्या एका अरुंद वाटेने जाते. तुम्ही वीस-पंचवीस वर्षं तिच्यावर रेलून उभे आहात.

हे मास्तरांना बरोबर कळलं. घरी परतताना बसमध्ये ते म्हणाले, "नेफ्यात नाडी असते ना, तसं आहे. नेफा अरुंद शिवलाय, नाडी आत चिमटलीये. नेफा उसवायचा."

"मग एवढं कळतंय तर इतके दिवस काय करत होता?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले.

ऑपरेशनच्या आधी त्यांनी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले. पहिला, ट्रायल देता येईल का. म्हणजे अर्धं करून बघायचं, जमलं तर पुढे. डॉक्टर म्हणाल्या, नाही. दुसरा, वीत परत नऊची होईल का.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मी नस मोकळी करीन आणि कोपराच्या मागून काढून पुढे आणीन, म्हणजे पुन्हा दबणार नाही. जे जातंय ते थांबेल. बधिरपणा बराचसा कमी होईल. पण नस वाढते ती फार हळू, महिन्याला इंचभर म्हणा, तेही सगळं नीट झालं तर. कोपरापासून बोटांपर्यंत पोहोचायला तिला वर्ष लागेल. तेवढे दिवस पंजातले बारीक स्नायू उपाशी राहणार, आणि ते आधीच फार दिवस उपाशी आहेत. वर्षापूर्वी आला असता तर मी दुसरं उत्तर दिलं असतं."

वर्षापूर्वी मास्तर लोकांना सकाळी चालायला सांगत होते.

ऑपरेशन हाताला भूल देऊन झालं, मास्तर जागेच होते. ती बाहेरच्या बाकावर बसली होती. शेजारी दादा. ते तासभर सांगत होते की त्यांनी आधीच बजावलं होतं. ती मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती आणि दादांचं बोलणं तिने मशीनच्या आवाजासारखं मागे जाऊ दिलं. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या की नस कोपरापाशी इस्त्री फिरवल्यासारखी चपटी झाली होती. आता मोकळी आहे.

चौदा दिवसांनी टाके काढायला गेले तेव्हा मास्तरांनी कोपरावरची ती चार इंची शिवण मान वाकडी करकरून पाहिली.

"टीप सरळ आहे," ते डॉक्टरांना म्हणाले. "पण टाक्यांतलं अंतर एकसारखं नाही."

"तुमचं पुढच्या वेळी तुम्हीच शिवा," डॉक्टर म्हणाल्या.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं हे त्यांच्या बायकोला विचारावं. हाताचे व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी होती. ती मऊ मातीचा गोळा दाबायला द्यायची, बोटांना रबर लावून ती फाकवायला सांगायची. मास्तर म्हणायचे, हे बालवाडीतलं काम आहे. पहिल्या दिवशी मूठ आवळायच्या यंत्रावर उजव्या हाताने अडतीस किलो दाखवले आणि डाव्याने अकरा. यंत्र बिघडलंय, मास्तर म्हणाले. मुलीने स्वतः दाबून दाखवलं. तिच्या नाजूक हाताचे सव्वीस आले. त्या दिवसापासून मास्तर घरी गुपचूप गोळा दाबायला लागले; बायको खोलीत आली की तो उशीखाली जायचा. जणू सिगारेट.

एक गोष्ट मात्र त्यांनी मन लावून केली. डॉक्टरांनी दाखवलं होतं की नसेच्या वाटेवर बोटाने टिचकी मारत गेलं की जिथवर नस वाढत आली आहे तिथे झिणझिणी उठते. मास्तर दर पंधरवड्याला टिचक्या मारायचे आणि झिणझिणी जिथे येईल तिथे हातावर निळ्या खडूची बारीक रेघ ओढायचे. आंघोळीत ती पुसली जाऊ नये म्हणून हात बाहेर धरून आंघोळ करायचे. मागच्या रेघेपासून पुढची किती, हे मोजायला त्यांना काहीतरी लागायचंच. बायकोचा टेप पिशवीतून अधूनमधून गायब होऊन परत यायचा, चुकीच्या बाजूने गुंडाळलेला. टेपला हात न लावणारा माणूस टेपला हात लावतो आहे, एवढं सुख तिने एकटीने उपभोगलं.

सहाव्या महिन्यात मूठ सतरावर आली. दहाव्या महिन्यात चहाचा कप डाव्या हातात घेताना मास्तर थांबले आणि म्हणाले, "गरम आहे." करंगळीला गरम लागलं होतं. ती स्वयंपाकघरातच होती, तिने नुसतं "हो का" म्हटलं आणि ओट्याकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

वर्ष झालं तेव्हा डॉक्टरांनी शेवटचं तपासलं. मूठ तेवीस. जाणीव बरीचशी आलेली. दोन बोटं अर्धीमुर्धी सरळ झालेली. पण अंगठ्याजवळचा खळगा तसाच होता आणि करंगळी टोकाला आत वळलेलीच राहिली. वीत पावणेनऊ होते का म्हणून मास्तर जोर लावत होते. डॉक्टरांनी मोजपट्टी लावली. साडेआठला दोन रेघा जास्त.

"कामाला जा," त्या म्हणाल्या. "फक्त कोपर टेकवू नका. आणि एवढा हात वाचला हे नशीब समजा."

मास्तर दुकानात परत गेले त्या सकाळी टेबलाच्या एका टोकाला शेठचा मेव्हणा पुठ्ठ्याचे साचे रचून उभा होता. तो टेपने मोजायचा, दोनदा मोजायचा, मग एकदा खात्री करायचा. दिवसाला चार पँटी कापायचा, पण त्या बसायच्या. मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू कुणीतरी टेबलावर ओला डबा ठेवलाय.

शेठ काउंटर सोडून आत आले. "एक पँट कापा मास्तर. छत्तीस कंबर. माझीच आहे, मी घालून बघीन."

मशिनं बंद झाली. मास्तरांनी काळं कापड उलगडलं, हात फिरवून सुरकुती काढली आणि सवयीने डावा पंजा फाकवून ठेवला. अंगठा टेकला, तीन बोटं टेकली. करंगळी कापडाच्या वर राहिली, आकड्यासारखी. उजव्या हातातला खडू तिच्या टोकाशी गेला आणि तिथेच थांबला.

खिडकीखाली बायकोची सुई थांबली होती. काय होणार हे तिला कळत होतं. हा माणूस अंदाजाने अर्धा इंच पुढे रेघ मारील. एखादे वेळी बरोबरही येईल. मग पुन्हा वीत, पुन्हा अंदाज, आणि पुन्हा कुणीतरी जाड ठरेल. तिने वर्षभर देवाकडे बोट मागितलं होतं. आता तिने मागणं बदललं. बोट नाही दिलंस, हरकत नाही, पण याचं तोंड तेवढं उघड.

"रेडिओ," मास्तर म्हणाले. "टेप दे."

रेडिओने आधी मागे वळून पाहिलं, दुसरा कुणी रेडिओ आहे का म्हणून. "टेप? तुम्हाला? का मास्तर, वीत आहे की."

"साडेआठची आहे."

"कधीपासून?"

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "वेटरांच्या आधीपासून."

रेडिओने हळूच विचारलं, "म्हणजे त्या सगळ्या पँटींत माझी शिवण..."

"सरळ होती," मास्तर म्हणाले. "शिवणीत काही खोट नव्हती."

रेडिओने गळ्यातला टेप काढून दिला. मास्तरांनी तो दोन बोटांत धरून पाहिला, कापडाला लावला, कपाळाला आठ्या घातल्या आणि काउंटरवर जाऊन पितळी गजाशेजारी ताणून धरला.

"हा ओढून ओढून पाव इंच वाढलाय," ते म्हणाले. "याने काय शिवतोस रे, तंबू?"

तेव्हा कुठे सगळे हसले, शेठही. शेठनी खणातून नवा टेप काढून फेकला. मास्तरांनी तोही गजावर तपासला, मग गळ्यात घातला आणि टेबलावर अजिबात न रेलता, ताठ उभं राहून पँट कापली. वेळ लागला. दुपारी शेठ ती घालून बाहेर आले तेव्हा श्वास न रोखता बोलत होते. मेव्हण्याला साच्यांसकट खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर जागा मिळाली, आणि लवकरच मास्तर त्याला शिकवायला लागले की टेप कसा धरावा.

संध्याकाळी निघताना मास्तर बायकोच्या स्टुलापाशी आले. दुमडलेली उजवी बाही त्यांनी खाली सोडली होती. मनगट पुढे केलं.

तिने बटणाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "काज घट्ट आहे का?"

मास्तरांनी एकदा रेडिओच्या दिशेने पाहिलं. तो मशीन कापडाने झाकत होता आणि कान इकडे होते.

"काज बरोबर आहे," ते म्हणाले.

हे वाक्य ऐकायला तिला दीड वर्ष लागलं होतं. तिने सुई पिनकुशनला खोचली, दोरा गुंडाळला, पिशवी उचलली. बटणाला हात लावला नाही.

"मग लावा की," ती म्हणाली. "व्यायाम होईल. मी थांबते."